एक फौज, तीन पलटणी

कार्देल्येवो नावाचं बंदर आता नकाशात शोधलंत तर मिळणार नाही. १९८६ साली मी मर्चंट नेव्हीत फोर्थ इंजिनियर होतो, तेव्हा आमच्या जहाजाच्या कागदपत्रांवर हेच नाव होतं. एड्रियाटिक समुद्राच्या काठचं, नेरेत्वा नदीच्या मुखाशेजारचं हे बंदर मूळचं प्लोचे. मार्शल टिटोंचे निकटचे सहकारी एडवर्ड कार्देल्य वारले आणि बंदराला त्यांचं नाव चिकटलं. १९९० मध्ये ते पुन्हा उतरलं. मधल्या काळातही गावची माणसं प्लोचेच म्हणत असणार, सीएसएमटी झाल्यावरही आपण व्हीटीच म्हणत राहिलो तसं.

बंदर क्रोएशियाच्या किनाऱ्यावर, पण त्याची सगळी मदार मागच्या डोंगरांपलीकडच्या बॉस्नियावर. १९६६ साली इथून सारायेवोपर्यंत रुंद रुळांची रेल्वे झाली आणि बॉस्नियातल्या कारखान्यांचा माल याच वाटेने येऊ-जाऊ लागला. तेव्हा क्रोएशिया काय नि बॉस्निया काय, देश एकच होता: युगोस्लाव्हिया. जहाज रिकामं व्हायला दिवसचे दिवस लागत. मी आणि आमच्या थर्ड मेटने (तो मालवणचा) एजंटाच्या मागे लागून पोलिसांची परवानगी मिळवली आणि सकाळच्या गाडीने मोस्तारला निघालो. तिथला चारशे वर्षांचा जुना पूल बघायचा होता. पूल बघितला, फोटोही काढले. पण त्या दिवसातलं पक्कं लक्षात राहिलं ते गाडीतलं.

डबा सैनिकांनी भरलेला. सगळी एकोणीस-वीस वर्षांची पोरं, करड्या-हिरव्या गणवेशातली. डोक्यावरची घडीची टोपी काढून खांद्याच्या पट्टीखाली खोचलेली, टोपीवर लाल तारा. रजेवर निघालेल्यांच्या अंगात जो उत्साह असतो तो भरपूर होता. आम्ही भारतीय आहोत म्हटल्यावर एकदम तीन-चार जण ओरडले, ‘नेहरू! टिटो! नासेर!’ इतिहासाच्या पुस्तकातला अलिप्ततावादाचा धडा त्यांनी एका दमात म्हणून दाखवला. मग उकडलेली अंडी, पाव, डुकराच्या मांसाच्या कापा आणि आलुबुखारच्या दारूची चपटी बाटली बाहेर निघाली. एकाने कापा हसत नाकारल्या आणि अंडी जास्त घेतली. त्याला कुणी काही बोललं नाही.

त्यांच्यात ल्युब्लियानाचा एक स्लोव्हेन पोरगा होता, त्याला इंग्रजी येत होतं. त्याच्या तोंडून एकेकाची ओळख कळली. एक मॅसिडोनियाचा, दोघे सर्बियातल्या खेड्यातले, एक कोसोव्होतला अल्बेनियन, एक झेनित्साच्या पोलाद कारखान्यातल्या फोरमनचा मुलगा. कुणालाही आपल्या गावाजवळ नेमत नाहीत, हा नियमच. उत्तरेचा पोरगा दक्षिणेत, समुद्राकाठचा डोंगरात. वर्ष-सव्वा वर्ष परक्या मुलखात, परक्यांबरोबर एका बराकीत झोपायचं आणि सर्बो-क्रोएशियनमधून हुकूम ऐकायचे. तिथे तेव्हा म्हण होती, की जो लष्कराच्या कामाचा नाही तो बायकोच्याही कामाचा नाही. पोराला बोलावणं आलं की घरचे कोकरू भाजत, वाजंत्री बोलावत, अर्धं गाव जेवायला येई.

मग झेनित्साच्या पोराने खिशातून शिंप्याची टेप काढली. मापाची, पिवळी, मेणकापडी, पण तोकडी झालेली. सेवा संपत आली की अशी टेप विकत घ्यायची आणि रोज एक सेंटिमीटर कापायचं, ही शिपायांची रीत. उरलेली टेप म्हणजे उरलेले दिवस. त्याने ती आमच्यासमोर ताणून धरली, छोटी कात्री काढली आणि त्या दिवशीचा तुकडा कापला. तुकडा उचलायला चौघांची झटापट. अल्बेनियन पोरगा मात्र खिडकीतून नदीकडे बघत बसला होता. त्याची टेप बहुधा अजून लांब होती.

ही आठवण मी पुढे कितीतरी वर्षं लोकांना सांगितली. जहाजावर, घरी, गणपतीत आरती झाल्यावर गप्पांच्या ओघात. निरनिराळ्या भाषांची, धर्मांची, लिपींची पोरं एका डब्यात एकमेकांचा पाव खाताहेत, हे चित्र कुणालाही आवडतं. मलाही आवडायचं, अजून आवडतं. पण युगोस्लाव्ह जनसेना, म्हणजे तिकडच्या भाषेतली जेएनए, ही त्या डब्यापेक्षा फार मोठी गोष्ट होती. तिचा वाढदिवस २२ डिसेंबर, कारण डिसेंबर १९४१ मध्ये पूर्व बॉस्नियातल्या रुदो गावी टिटोंच्या गनिमांची पहिली ब्रिगेड उभी राहिली. शिपाई सगळीकडचे असले तरी अधिकाऱ्यांत निम्म्याहून जास्त सर्ब. बराकीत देवाधर्माला जागा नव्हती. मिसळणं होतं ते धर्म, गाव, आडनाव दाराबाहेर ठेवून. आमच्या त्या प्रवासानंतर वर्षभरातच, सप्टेंबर १९८७ मध्ये, सर्बियातल्या पाराचिनच्या बराकीत एका अल्बेनियन शिपायाने झोपलेल्या सोबत्यांवर गोळ्या झाडून चौघांना मारलं. खवळलेल्या जमावाने अल्बेनियनांची दुकानं फोडली. आणि १९९० मध्ये केंद्रीय लष्कराने प्रजासत्ताकांच्या स्थानिक संरक्षण दलांची शस्त्रं आपल्या ताब्यात घ्यायला सुरुवात केली. स्लोव्हेनियाने पुष्कळशी लपवून ठेवली. बॉस्नियाला ते जमलं नाही.

पुढचं सगळं आपण वर्तमानपत्रांतून वाचलं. जून १९९१ मध्ये स्लोव्हेनिया, मग क्रोएशिया, एप्रिल १९९२ मध्ये बॉस्निया. मे महिन्यात जेएनए बॉस्नियातून कागदोपत्री बाहेर पडली. प्रत्यक्षात तिच्या तोफा, रणगाडे आणि बॉस्नियात जन्मलेले सर्ब अधिकारी तिथेच राहिले आणि बॉस्नियन सर्बांचं लष्कर म्हणून उभे ठाकले. सेनापती रात्को म्लादिच, जेएनएचा. समोर सारायेवो सरकारची फौज. तिचा प्रमुख सेफेर हलिलोविच, तोही जेएनएचा. हलिलोविचचा एक उपप्रमुख योव्हान दिव्याक, सर्ब आणि जेएनएचाच माणूस, पण शहर सोडून गेला नाही. स्वतःच्या शहरावर तोफा डागणाऱ्यांत मी जाणार नाही, एवढाच त्याचा हिशेब. सर्बांनी त्याला गद्दार म्हटलं, स्वतःच्या बाजूनेही त्याला अधूनमधून संशयाने बघितलं. युद्ध चालू असतानाच, १९९४ मध्ये, त्याने युद्धात पोरक्या झालेल्या मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढली आणि २०२१ मध्ये मरेपर्यंत ती चालवली. तिसरी फौज बॉस्नियन क्रोएटांची. ती आधी सारायेवो सरकारच्या जोडीने सर्बांशी लढली, मग त्याच सरकारशी. मोस्तारचा पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी तिच्याच तोफगोळ्यांनी नदीत पाडला. आमच्या फोटोतला पूल त्या दिवशी फोटोतच उरला.

या सगळ्याच्या सुरुवातीला एक माणूस तिथे होता, ज्याचं नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या युगोस्लाव्हियातल्या शांतिसेनेचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. नाव मल्याळी, पण पलटण मराठा लाइट इन्फंट्री. १९७१ च्या युद्धात त्यांना वीरचक्र मिळालं होतं. मार्च १९९२ मध्ये त्यांनी मुख्यालय थाटलं ते सारायेवोत, कारण शांतिसेना पाठवली होती क्रोएशियासाठी आणि सारायेवो त्यातल्या त्यात तटस्थ जागा वाटली. काही आठवड्यांतच गोळे त्या शहरावर पडू लागले आणि बहुतेक मुख्यालय तिथून हलवावं लागलं. शहराचा वेढा फेब्रुवारी १९९६ पर्यंत चालला.

निवृत्तीनंतर बायकोला म्हटलं, तुला ती गाडी दाखवतो. २०२३ च्या वसंतात आम्ही प्लोचेला पोचलो. क्रोएशिया त्या वर्षीच्या जानेवारीपासून शेंगेनमध्ये गेला होता, चलन युरो झालं होतं. तिथून बसने बॉस्नियात शिरायचं तर सीमेवर पासपोर्ट, आणि पलीकडे वेगळ्या नोटा. ज्या वाटेवर १९८६ मध्ये तिकीट तपासनीसाखेरीज कुणी काही विचारलं नव्हतं, तिथे आता दोन देशांचे पोलीस आमच्या निळ्या पासपोर्टची पानं उलटत होते. बायको म्हणाली, ‘तुमची गाडी कुठेय?’ गाडी सीमेपलीकडे, चाप्लिनाला होती.

याच प्लोचेच्या धक्क्यावर नोव्हेंबर १९९६ मध्ये एक अमेरिकन जहाज लागलं होतं, रणगाडे, चिलखती गाड्या, रायफली आणि ह्युई हेलिकॉप्टरं भरून. डेटनचा करार होऊन जेमतेम वर्ष झालेलं. त्या कराराने युद्ध थांबवलं, पण देशाचे दोन भाग करून दोघांच्या हाती दोन फौजा ठेवल्या: एक सर्बांची, एक बोस्नियाक (म्हणजे बॉस्नियातले मुसलमान) आणि क्रोएटांची मिळून. दुसरीतही बोस्नियाक आणि क्रोएट एका झेंड्याखाली असले तरी मनाने वेगळेच. साठ हजार परदेशी सैनिक तेवढ्याशा देशात शांतता राखायला उतरले होते आणि त्याच वेळी अमेरिकेने दुसऱ्या फौजेला शस्त्रं आणि शिकवणी देऊन सर्बांच्या तोडीची केली, म्हणजे पुन्हा कुणाला हात उगारावासा वाटू नये. शांततेचा हा मार्ग मला नेहमीच थोडा चमत्कारिक वाटत आला आहे, पण पुन्हा युद्ध झालं नाही हे खरं.

दोन फौजांची एक झाली ती कुणाच्या सदिच्छेने नव्हे. २००२ मध्ये उघड झालं, की बॉस्नियन सर्ब भागातली ‘ओराओ’ नावाची विमान दुरुस्तीची सरकारी कंपनी संयुक्त राष्ट्रांची बंदी मोडून सद्दामच्या इराकच्या लढाऊ विमानांसाठी काम करत होती. अमेरिका इराकवर चढाईच्या तयारीत. अशा वेळी हे प्रकरण बाहेर आलं. राष्ट्राध्यक्ष मंडळातल्या सर्ब सदस्याला राजीनामा द्यावा लागला आणि शांतता करारावर देखरेख करणारे परदेशी उच्च प्रतिनिधी पॅडी अ‍ॅशडाउन यांना हवी ती संधी मिळाली. त्यांनी संरक्षण सुधारणा आयोग नेमला. २००५ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी २००६ रोजी दोन्ही भागांची संरक्षण मंत्रालयं बंद झाली, सक्तीची लष्करी सेवाही संपली. नवी फौज दहा हजार पगारी सैनिकांची. युद्धाच्या भरात तिन्ही बाजू मिळून लाखोंच्या घरात माणसं हत्यारबंद होती. कल्पना करा, एकाच कार्यालयात समोरासमोर टेबलं, आणि दहा-बारा वर्षांपूर्वी हेच दोघे एकमेकांच्या खंदकांवर तोफा लावून बसलेले. पहिल्या दिवशी चहा कुणी मागवला असेल?

चाप्लिना हे या फौजेच्या तीन पायदळ ब्रिगेडांपैकी चौथ्या ब्रिगेडचं ठाणं. (क्रमांक चौथा, पाचवा, सहावा; पाचवी तुझ्लाला, सहावी बान्या लुकाला.) तीन नावं तीन मुलखांची: चाप्लिना क्रोएट वस्तीचं, तुझ्ला बोस्नियाक, बान्या लुका सर्ब. आता मेख अशी, की प्रत्येक ब्रिगेडमध्ये तीन पायदळ बटालियन, एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. म्हणजे ब्रिगेड मिसळलेली, बटालियन आपापली. शिवाय तीन रेजिमेंटा. पहिली क्रोएटांची, दुसरी बोस्नियाकांची, तिसरी सर्बांची. आपापल्या युद्धकाळातल्या फौजेची चिन्हं, आठवणी, संग्रहालयं, समारंभ त्यांनी सांभाळायचे. लढण्याचे हुकूम मात्र रेजिमेंट देत नाही, ते ब्रिगेडकडून येतात.

हे वाचताना मला बेळगाव आठवल्यावाचून राहिलं नाही. मराठा लाइट इन्फंट्री, शीख, डोग्रा, मद्रास. आपल्या लष्करातही पायदळाच्या पलटणी मुलखाच्या, जातीच्या नावाने आहेत. पण आपल्याकडे पलटण कुणाचीही असो, अधिकारी कुठूनही येतो. मल्याळी नंबियार मराठा जवानांबरोबर लढतात, त्यांच्याबरोबर शिवाजी महाराजांच्या नावाची युद्धघोषणा देतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. शिवाय आपल्या पलटणी एकमेकांविरुद्ध लढलेल्या नाहीत. बॉस्नियात रेजिमेंटांना जपायला दिलेली आठवण ही शेजारच्या रेजिमेंटशी झालेल्या लढाईचीच आहे. आपल्या लष्करातली एखादी पद्धत उचलून तिथे नेऊन बसवता येईल असा भ्रम कुणाला असेल तर त्याने हे ध्यानात घ्यावं.

चाप्लिनाच्या गाडीत आमच्या डब्यात दोनच सैनिक होते, कानात इअरफोन, हातात मोबाइल. डबा चकचकीत, एसी चालू, प्रवासी मोजके. १९८६ च्या गोंगाटाच्या मानाने ग्रंथालयच म्हणा. दोघांपैकी वयाने मोठा, पस्तिशी उलटलेला, इंग्रजी बरं बोलत होता. अफगाणिस्तानात जाऊन आला होता. तिकडे जाणाऱ्या तुकड्या तिन्ही लोकांच्या मिळून बनवतात, असं त्याने सांगितलं. मी टेपची गोष्ट काढली. तो हसला. ‘माझे वडील सांगायचे. आम्ही टेप कशाला कापू? आम्हाला तर नोकरी टिकावी असं वाटतं.’ सुरुवातीच्या कायद्यात साध्या शिपायाला पस्तिशीनंतर नोकरीत ठेवत नसत. २०१० मध्ये असे बरेच जण एकदम घरी बसले, रस्त्यावर उतरले, पेन्शनसाठी सारायेवोत निदर्शनं केली. पुढे वयाची अट सैल झाली. त्या निदर्शनांत तिन्ही फौजांचे जुने लढवय्ये शेजारी शेजारी उभे होते, हे तो ज्या थाटात सांगत होता त्यावरून मला वाटलं, त्याच्या मते एकीकरण खरं झालं ते त्या दिवशी.

तुमच्या बटालियनमध्ये सगळे तुमचेच का, असं मी विचारलं. ‘आमचेच. पण आग लागली की कोण कुणाचं बघतो?’ हर्झेगोव्हिनात, म्हणजे देशाच्या या दक्षिण भागात, उन्हाळ्यात वणवे पेटतात, तेव्हा लष्कराची हेलिकॉप्टरं पाण्याच्या बादल्या घेऊन उडतात. २०१४ च्या मे महिन्यात बोस्ना नदीला महापूर आला, मागलाय आणि दोबोय पाण्याखाली गेले, तेव्हा माणसं घरांच्या छपरांवरून उचलली ती याच फौजेच्या हेलिकॉप्टरांनी. त्या पुराने एक नवंच संकट आणलं: दरडींबरोबर युद्धातले सुरुंग जागचे हलले. ते शोधायला पुन्हा सैनिकच. तिन्ही बाजूंनी आपापल्या हातांनी पुरलेले सुरुंग आता एका फौजेची माणसं काढताहेत, आणि पुरतानाचे नकाशे कधी कुणाच्या ट्रंकेत सापडतात, कधी सापडत नाहीत.

मोस्तारला आम्ही उतरलो ते एका छोट्या गेस्टहाउसमध्ये. मालक साठीचे. आम्ही भारतीय कळताच त्यांनीही नेहरू-टिटो केलं, तेव्हा मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. त्यांची आई क्रोएट, वडील मुसलमान, आणि बायको सर्ब. ते १९८३-८४ मध्ये सर्बियातल्या नीशला जेएनएत होते. फोटो लगेच बाहेर आला: टोपी, तारा, खांद्याला खांदा लावून आठ पोरं. एकेकावर बोट ठेवून त्यांनी सांगितलं, हा झाग्रेबला दंतवैद्य झाला, हा वुकोवारला गेला, हा कुठे आहे कळलं नाही, याने मागच्या वर्षी फेसबुकवर शोधून काढलं. बराकीतल्या घेवड्याच्या रश्श्याची चव पुन्हा मिळाली नाही, असंही म्हणाले. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, ‘मग खा ना, आज तोच केलाय!’ आणि आम्हाला उद्देशून, ‘यांना त्या फौजेची आठवण येते. वीस वर्षांचे होते, केस होते, गुडघे दुखत नव्हते. त्याच फौजेने ब्याण्णवमध्ये आमच्या खिडक्या फोडल्या, ते यांना आठवत नाही.’ मालक ओशाळून हसले. ‘आठवतं, पण ते फोटोत नाही,’ म्हणाले.

पूल आता पुन्हा उभा आहे, जुन्याच पद्धतीने घडवलेल्या दगडांचा, जुलै २००४ पासून. पोरं त्यावरून नेरेत्वेत उड्या मारतात, पर्यटक पैसे देतात. पुलाच्या दोन्ही काठांच्या शाळांत मात्र अजून दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. म्हणूनच मला ही फौज नवलाची वाटते: ज्या देशात पोरांना एका बाकावर बसवायला जमलं नाही, तिथे मोठ्यांना एका ब्रिगेडमध्ये बसवलं. कदाचित हे परदेशी दबावाने झालं म्हणून, कदाचित पगार एकाच तिजोरीतून येतो म्हणून. मला दुसरं कारण जास्त पटतं.

मोस्तारच्या वर दरी अरुंद होते. याब्लानित्साला नदीत एक मोडका लोखंडी पूल लोंबतो. १९४३ च्या नेरेत्वेच्या लढाईत टिटोंनी जर्मनांना चकवण्यासाठी इथला पूल पाडला, नंतर त्यावर मोठा युद्धपट निघाला, त्यात जेएनएचे हजारो शिपाई लढाया खेळले. त्याच्या पुढचं गाव कोन्यीत्स. १९८६ मध्ये ही गाडी कोन्यीत्सवरून सारायेवोकडे जायची तेव्हा डोंगराच्या पोटात काय आहे हे डब्यातल्या एकाही पोराला ठाऊक असणं शक्य नव्हतं. तिथे टिटोंनी १९५३ ते १९७९ अशी सव्वीस वर्षं खणून अणुयुद्धासाठी भुयारी तळ केला होता: साडेतीनशे माणसांनी सहा महिने बाहेर न पडता राहावं असा. दारासमोर साधी घरं बांधलेली, कुणाला संशय नको. देशाच्या राज्यकर्त्यांनी अब्जावधी डॉलर पुरून ठेवले ते बाहेरून येणाऱ्या बॉम्बसाठी. १९९२ मध्ये तो उडवून द्यायचा हुकूम निघाला, पण तिथल्या सैनिकांनी तारा तोडल्या. आता तो बॉस्नियाच्या संरक्षण मंत्रालयाच्या ताब्यात आहे आणि आत समकालीन कलेचं प्रदर्शन भरतं. फाटकावर नव्या फौजेचा जवान उभा होता, भिंतीवर टिटोंचं जुनं चित्र तसंच टांगलेलं. बायकोने विचारलं, हे चित्र काढत का नाहीत? वाटाड्या म्हणाला, ‘काढायचं तर तिघांचं एकमत लागेल.’

तो गमतीत बोलला, पण कारभार खरोखरच तसा चालतो. या फौजेचा सरसेनापती एक माणूस नाही, तीन सदस्यांचं राष्ट्राध्यक्ष मंडळ आहे. संरक्षणमंत्री एका लोकांचा असला तर त्याचे दोन उपमंत्री उरलेल्या दोघांचे, लष्करप्रमुखाचंही तसंच. जेएनएत धर्म बराकीबाहेर ठेवायचे, इथे मौलवी, कॅथलिक पाद्री आणि ऑर्थोडॉक्स पाद्री तिघेही लष्कराच्या व्यवस्थेत आहेत. जुनं राष्ट्रगीत शिपाई घसा ताणून गात. नव्याला १९९९ पासून नुसती चाल आहे. शब्दांवर एकमत झालं नाही, म्हणून संचलनात सगळे तोंड मिटून उभे राहतात. आणि ही तारेवरची कसरत मधूनच डगमगते. २०१७ च्या ९ जानेवारीला बान्या लुकात सर्ब प्रजासत्ताकाच्या, म्हणजे देशाच्या सर्ब भागाच्या, दिनी तिसऱ्या रेजिमेंटचे जवान मानवंदनेला उभे राहिले आणि गदारोळ झाला, कारण तो दिन साजरा करण्याची पद्धत घटनेत बसत नाही असं घटना न्यायालयाने आधीच सांगितलं होतं. २०२१ मध्ये सर्ब नेते मिलोराद दोदिक यांनी आपले सैनिक काढून वेगळी फौज करण्याची भाषा केली. ती फौज काही झाली नाही. बराकी नेमक्या कुणाच्या मालकीच्या, केंद्राच्या की प्रांतांच्या, हा वाद तर २०१० पासून नाटोच्या दारात अडकून पडलेला आहे.

जुन्या फौजेतल्या मैत्रीला मी खोटी म्हणणार नाही. डब्यात अंड्यांची वाटणी करताना कुणी कुणाला फसवत नव्हतं. पण तिथे भेद बोलायचेच नाहीत असा शिरस्ता होता, आणि न बोललेले भेद अधिकाऱ्यांच्या यादीत, शस्त्रांच्या कोठारांत, बदल्यांच्या हुकमांत निमूट साचत होते. नवी फौज दिसायला अगदीच बेतशीर: तीन झेंडे, तीन कोटे, दोन उपप्रमुख, मोबाइलवर बोटं फिरवणारे शिपाई. त्यांना एकमेकांचा पाव खाण्याची सक्ती नाही. पण कोण कुणाचा हे तिथे उघड आहे, लिहून ठेवलेलं आहे, त्यावर भांडता येतं. माझं मन अजूनही त्या १९८६ च्या डब्यात रमतं. मत मात्र दुसऱ्या गाडीच्या बाजूने देईन.

४ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे पाऊस झाला आणि खालच्या याब्लानित्सात वरच्या दगडखाणीचा डोंगर घरांवर आला. वीसच्या आसपास माणसं गाडली गेली. हमरस्ता आणि आमच्या गाडीचे रूळही गेले. मी मोस्तारच्या मालकांना मेसेज केला. ते सुखरूप होते. त्यांनी चिखलात उभ्या असलेल्या सैनिकांचा फोटो पाठवला आणि लिहिलं, यातला कुठला कुणाचा ते मला सांगता येणार नाही, सगळे सारखेच माखलेत.

पुढे त्यांचा भाचा लष्करात भरती व्हायचं म्हणू लागला. वय एकवीस, घरी सगळे म्हणतात जर्मनीला जा, याला इथेच राहायचंय. अर्जात आपण कोण हे लिहावं लागतं: बोस्नियाक, क्रोएट, सर्ब की इतर. जागांचं प्रमाण अजून १९९१ च्या जनगणनेवर ठरतं, त्या वेळी हा पोरगा जन्मालाही नव्हता आणि साडेपाच टक्के लोकांनी स्वतःला नुसतं ‘युगोस्लाव्ह’ लिहिलं होतं. भाच्याचे वडील सर्ब, आई मालकांची बहीण, म्हणजे आधीच अर्धी-अर्धी. घरात आठवडाभर चर्चा. शेवटी मालकांचा मेसेज आला: ‘कुठल्या रकान्यात जागा जास्त आहेत ते पोराने बघितलं आणि क्रोएट लिहिलं. माझी आई खूश आहे. आता डोळ्यांची तपासणी राहिली, चष्मा आहे ना त्याला.’